अस्तराच्या बाजूनं

बारशाच्या दिवशी कुंचीचं जे कौतुक होतं ते सगळं तिच्या वरच्या बाजूचं असतं. डाळिंबी खण, टोकाला गोंडा, पाठीवर रुळणारी काळी झूल, झुलीच्या कडेला कशिदा. जमलेल्या बायका ती हातात घेऊन बघतात, ‘काय सुरेख केलीय हो’ म्हणतात, बाळाच्या डोक्यावर चढवतात आणि फोटो निघतात. बाळाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला येते ती आतली बाजू. टाळूला, कानांना, गालांना आणि मानेला जे काही लागतं, ते सगळं अस्तर. म्हणून माझ्या आत्यानं शिवलेल्या एका कुंचीविषयी लिहिताना मी तिला आधी उलटी करून घेतली आहे. आमच्या घरात तीन बाळांच्या अंगावर ती चढली. माझ्या लेखी ती हातशिवणीची एक अव्वल कलाकृती आहे, आणि कविता वाचावी तितक्या लक्षपूर्वक ती वाचली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी कुंची फक्त फोटोत पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगते. टोपडं फक्त डोकं आणि कान झाकतं. कुंचीत त्याच टोपड्याला मानेपाशी चुण्या घालून झूल जोडलेली असते. ती पाठीवरून कमरेपर्यंत, कधी टाचांपर्यंत येते. हनुवटीखाली बंद बांधायचे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असतं, त्यामुळे थंडी-वाऱ्यात आधी डोकं झाकायचं हे आज्यांचं शहाणपण शरीराच्या मापाला धरूनच आहे. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट, लाळेरी, दुपटी, गोधडी असा सगळा संसार असतो. रोजच्या धबडग्यात तो महिन्या-दोन महिन्यांत विरून जातो. कुंची मात्र मिरवायची वस्तू. पुष्कळ घरांत ती आत्यानं आणायची, कारण नाव ठेवण्याचा मानही तिचाच.

माझी आत्या टपाल खात्यात नोकरीला होती. शिवण हा तिचा व्यवसाय कधीच नव्हता. कुणी शिलाईचे पैसे पुढे केले तर ती चक्क रागवायची. शिवण ही तिची हौस होती आणि ती हौस तिनं आयुष्यभर छोट्या मापांवरच खर्च केली. स्वतःसाठी तिनं ब्लाउजसुद्धा शिंप्याकडे टाकले. भाच्यांची झबली, शेजारच्या मुलींच्या बाहुल्यांचे परकर, बारशाच्या कुंच्या, रुखवतातल्या पिशव्या हे मात्र तिचं. देण्यासाठी शिवायचं आणि लहान शिवायचं, हा जणू तिचा नेमच होता.

तर अस्तर. ते माझ्या आजोबांच्या धोतराचं आहे. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड मऊ होतं, हे कारण उघड आहे. दुसरं कारण शिवणाऱ्यालाच कळतं: जुनं कापड आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं. नव्या खणाला नवं अस्तर लावलं आणि पहिल्या धुण्यात दोन्ही वेगवेगळ्या मापानं आटली, तर एक बाजू ताणली जाते, दुसरीला सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांवर बाळाचं डोकं टेकतं. आत्यानं खणही कापण्याआधी भिजवून, धुऊन, वाळवून घेतला असणार. याचा पुरावा कुंचीतच आहे. डाळिंबी खणाला पांढरं धोतर भिडलेलं असूनही अस्तरावर गुलाबी डाग कुठेच नाही.

चेहऱ्याभोवतीची पांढरी कड बघा. सगळ्यांना वाटतं, डाळिंबीवर उठून दिसावी म्हणून पांढरा गोट लावलाय. उलट केल्यावर कळतं की वेगळा गोट नाहीच. अस्तर कडेशी जास्तीचं ठेवलंय आणि ते बाहेर वळवून खणावर बसवलंय. सरधोपट पद्धत याच्या उलट असते. वरचं कापड आत दुमडायचं आणि अस्तर त्याच्या आतल्या बाजूला टाकायचं. तसं केलं असतं तर खणाचा करकरीत काठ बाळाच्या गालावर आला असता. इथे गालाला फक्त धोतर लागतं. दिसायला शोभा आणि लागायला मऊपणा, दोन्ही कामं एका दुमडीत झाली आहेत. ही दुमड ज्या टाक्यांनी पक्की केली आहे ते टाके बाहेरून तांदळाच्या कणीएवढे दिसतात, आतून जवळजवळ दिसतच नाहीत. आणि गाठी? मी कड बोटांत धरून चाचपत गेले. सगळ्या गाठी दोन कापडांच्या मध्ये गेल्या आहेत. दोऱ्याचं टोक आतल्या पोकळीतून सुरू होतं आणि आतच संपतं.

आता मागची शिवण. कुंचीचा डोक्याचा भाग म्हणजे खरं तर एक सरळ पट्टी. ती मधोमध दुमडून मागची कड जोडली की टोपीसारखा आकार होतो. यात दोन अडचणी असतात. एक म्हणजे दुमडीच्या टोकाला, डोक्याच्या वर, कोपरा उभा राहतो. दुसरी जास्त गंभीर. ही शिवण बरोबर डोक्याच्या मागून जाते आणि नवजात बाळ बहुतेक वेळ उताणंच असतं. म्हणजे कापडाची सगळ्यात जाड रेघ आणि बाळाचं टेकलेलं डोकं एकमेकांवर येतात.

जुन्या बायका तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवत, ती बाळाला टोचू नये म्हणून. झबलं घरातच घालायचं, तिथे ते खपून जातं. कुंचीला चार लोकांत जायचं असतं. आत्यानं शिवण बाहेरच घेतली. आत धोतर सपाट, बोट फिरवलं तर शिवणीची जाणीवही होत नाही. बाहेर उघड्या पडलेल्या कडांवर तिनं खणाचाच हिरवा काठ उभा बसवला. लोकांना ती नक्षी वाटते. डाळिंबीवर मधोमध हिरवी रेघ, वर जाऊन गोंड्याला मिळणारी. गोंडाही त्या उभ्या कोपऱ्याची सोय आहे, कोपऱ्याला काहीतरी काम हवं म्हणून. या कुंचीतली एकेक शोभा अशी कुठल्या ना कुठल्या गरजेतून आली आहे, हे जसजसं उलगडत जातं तसतसा मला आत्याचा हात दिसायला लागतो. वरून सजवू म्हणून तिनं काही चिकटवलेलं नाही.

एवढं सगळं बारीक टाक्यांत करणारी बाई या हिरव्या काठावर मात्र लांब लांब टाके घालते. पहिल्यांदा मला ते खटकलं होतं. घाईत केलं का? बारसं बाराव्या-तेराव्या दिवशी आणि पुष्कळ घरांसारखीच आमच्याकडेही बाळ होण्याआधी त्याच्यासाठी नवं काही पुरं करून ठेवायचं नाही अशी रीत. आत्या कुंची आधी शिवून ठेवायची, पण बंद लावायची नाही. बंद बाळ झाल्यावरच. म्हणजे घाई व्हायला तशी जागा नव्हती. उत्तर आतल्या बाजूला मिळालं. आताच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना, बोटभर अंतरावर, बारीक भोकांची एकेक रेघ आहे. ती जुन्या शिवणीची खूण. कुंची एकदा उसवून मोठी केली होती.

बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. तीन महिन्यांत तो चाळिशीला येतो आणि वर्ष भरेपर्यंत ४६च्या आसपास पोचतो. एवढ्या झपाट्यानं वाढणाऱ्या डोक्यासाठी नेमक्या मापाची कुंची शिवणं म्हणजे ती बारशापुरतीच शिवणं. आत्यानं मागच्या शिवणीला दोन्हीकडे भरपूर माया सोडली होती. ती बाहेरच्या बाजूला, हिरव्या काठाखाली झाकलेली. वेळ आली की काठ उसवायचा, शिवण सरकवायची, काठ पुन्हा बसवायचा. म्हणून काठाचे टाके लांब. जे टाके एक दिवस कुणाला तरी उसवायचे आहेत, ते सहज उसवता आले पाहिजेत. माझ्या आईनं ते उसवले तेव्हा खणाचा एकही धागा ओढला गेला नव्हता. पुढच्या हाताचा इतका विचार शिवणारी क्वचितच करते.

बंदांबद्दल दोनच गोष्टी. ते बाजारच्या सॅटिनच्या रिबिनीचे नाहीत. धोतराचीच पट्टी चारपदरी दुमडून, बोटाएवढी रुंद ठेवून शिवली आहे, कारण बारीक नाडी हनुवटीखाली रुतते. आणि लांबी एक सैलसर फुलगाठ बसेल इतकीच. उरलेली टोकं बाळाच्या तोंडात जाणार नाहीत, गळ्याभोवती फिरणार नाहीत. आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळ झोपताना डोक्यावर टोपी, कुंची, नाड्या काहीही नको. आत्याचा दंडक वेगळ्या शब्दांत तोच होता. कुंची कडेवर असताना घालायची, पाळण्यात घालताना काढायची.

ही नजर कुठून आली असेल, याचं उत्तर माझ्या मते बाहुल्यांच्या कपड्यांत आहे. मला आत्यानं शिवायला शिकवलं ते बाहुलीवरच. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहुला-बाहुलीचं लग्न लागायचं आणि त्याआधी आठवडाभर शिवणाचा घाट. जुन्या शालूचा काठ म्हणजे नवरीची साडी, खणाची चिंधी म्हणजे चोळी. वरून खेळ, पण त्या चोळीत शिवणशास्त्राचे सगळे पेच असतात. बाहुलीचे हात वाकत नाहीत. डोकं मानेपेक्षा मोठं आणि गळा एवढासा, तेव्हा चोळी डोक्यावरून जायची नाही, ती पाठीत उघडी ठेवायला लागते. बाही लावताना आधी खांद्याची शिवण घालायची, बाही सपाट जोडायची आणि मग बाहीची आणि कुशीची शिवण एका दमात. आधी कूस शिवून टाकली तर अंगठ्याएवढ्या त्या मुंढ्यात बाही बसवायला बोटही शिरत नाही. घरात पायमशीन होतं, पण इतक्या लहान गोलाईत मशीनचं पाऊल वळत नाही. तिथे सुई आणि बोट, एवढंच.

लहान मापाचा आणखी एक कडक नियम असतो. कापड लहान झालं तरी टाका आपोआप लहान होत नाही. आपल्या अंगावरच्या ब्लाउजला जो टाका नीटस दिसतो, तो वीतभर बाहुलीच्या चोळीवर गोणपाट शिवल्यासारखा दिसतो. जाड कापडाच्या चुण्या पडत नाहीत, त्या ताठ उभ्या राहतात. मोठा काठ अख्ख्या बाहुलीला गिळतो. म्हणून बाहुलीसाठी शिवणाऱ्याला कापड निवडताना वजन, पोत, नक्षीचा आकार सगळ्याचा विचार नव्यानं करावा लागतो. आत्या खणाची चिंधी निवडताना ठिपक्यांचा खण बाजूला ठेवायची आणि सर्वांत बारीक बुट्टीचा घ्यायची. मला तेव्हा तो हट्ट वाटायचा.

या कामात किती जीव ओतता येतो याचं एक नामांकित उदाहरण इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लहानपणातलं आहे. १८३१ ते १८३३ च्या सुमारास, म्हणजे वयाची चौदा वर्षं पुरी व्हायच्या आत, तिनं आणि तिची शिक्षिका लेझेनबाई यांनी मिळून १३२ लाकडी बाहुल्या सजवल्या. त्यांतल्या ३२ तिनं स्वतः. बाहुल्या अगदी साध्या, स्वस्तातल्या, सांध्यांना खुंट्या असलेल्या, तीन ते नऊ इंच उंचीच्या. पुष्कळशा बाहुल्यांना रंगमंचावर पाहिलेल्या गायिका-नर्तकींचे पोशाख, काहींना दरबारी स्त्रियांचे, आणि सगळ्यांची नावानिशी वहीत नोंद. फ्रान्सिस लो या लेखिकेनं १८९०च्या दशकात त्या पाहून त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात मला नेहमी थांबवतात ते हातरुमाल. जेमतेम अर्ध्या इंचाचे, त्यांवर लाल रेशमानं काढलेली आद्याक्षरं. आणि पाच-सहा इंचांच्या बाहुलीच्या एप्रनला खिसे, खिशांवर फिती. एकाकी वाढलेल्या, सतत कुणाच्या तरी नजरेखाली असलेल्या मुलीनं हे केलं. बाहुली रुमाल वापरणार नाही, खिशात हात घालणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी रुमालाला अक्षर हवं. आत्याच्या दोऱ्याच्या गाठी ज्या कारणानं अस्तराच्या आत जातात, त्याच कारणानं हे अक्षर तिथे आलं असं मला वाटतं. समोरच्या लहान जीवाला, मग तो लाकडाचा का असेना, पुरतं माणूस समजून वागवायचं. आत्या बाहुल्यांवर हे शिकली आणि बाळांसाठी वापरत राहिली.

कुंचीकडे परत येते, कारण तिचा सर्वांत देखणा भाग अजून राहिलाय. झूल.

झूल काळ्या चंद्रकळेची आहे. तान्ह्या बाळाला काळं कसं, असं परक्या माणसाला वाटेल. आपल्याकडे संक्रांतीला काळं नेसतात आणि बाळाचं पहिलं बोरनहाण काळ्या झबल्यात, हलव्याच्या दागिन्यांत होतं. ही कुंची पौषात जन्मलेल्या माझ्या थोरल्या भावासाठी शिवली होती. बारसं झालं आणि पाठोपाठ बोरनहाण, दोन्हीला एकच कुंची, हा हिशेब त्यात आहेच. शिवाय काळ्यावर कशिदा जसा खुलतो तसा दुसऱ्या कशावर नाही.

हा कशिदा कसुतीचा आहे. कसुती धारवाडकडची, आणि खण गुळेदगुड्डचा, म्हणजे आताच्या बागलकोट जिल्ह्यातला. १९५६ ला राज्यं भाषेप्रमाणे बांधली जाईपर्यंत तो सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता. सोयरिकी, बाजार, बदल्या सगळं आलंगेलं. त्यामुळे सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडच्या बायकांच्या पेटाऱ्यात कानडी मुलखातलं कापड आणि कानडी टाका घरचाच म्हणून राहिला. आत्याला कसुती तिच्या सासूनं शिकवली, आणि सासू धारवाडच्या. इरकली लुगड्याइतकीच कुंची हीसुद्धा कसुतीची परंपरागत जागा आहे.

कसुतीत कापडावर आधी काही रेखायचं नसतं. खडू नाही, छाप नाही. विणीचे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर टाका टाकायचा. टाके चार प्रकारचे: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गवंतीत सुई जाताना एक घर भरते, एक सोडते. येताना सोडलेली घरं भरत परत निघालेल्या जागी येते. मुर्गी तीच चाल पायऱ्यांनी चढवते-उतरवते. या दोन्ही टाक्यांत काम चोख असेल तर सुलट-उलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. नेगी विणकामासारखी आडवी धावते, मेंथी फुलीची आणि भरदार, आणि त्या दोन्हींची मागची बाजू वेगळी दिसते. गाठ कुठेच मारायची नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांखाली दाबून टाकायचं.

आत्यानं झुलीच्या खालच्या कडेला तुळशी वृंदावनांची ओळ काढली आहे आणि दोन टोकांना एकेक हत्ती. सगळं गवंती आणि मुर्गीत. हत्तीचं अंग भरायला मेंथी चांगली दिसली असती आणि कुठलीही जाणती कशिदाकार तीच घेईल. आत्यानं हत्ती नुसत्या रेघांत ठेवला, पोकळ. का, ते झूल उलटवली की कळतं. डोक्याच्या भागाला अस्तर आहे, झुलीला नाही. अस्तर लावलं असतं तर झूल जड झाली असती आणि बाळाच्या मानेवर ओढ आली असती. एकेरी कापड म्हटल्यावर कशिद्याची मागची बाजू थेट बाळाच्या पाठीला, दंडाला लागणार. म्हणून तिथे असा टाका हवा ज्याला मागची बाजूच नाही. हत्ती पोकळ राहिला तो यासाठी. आणि पोकळ राहिल्यामुळेच तो मला इतका आवडतो. चार पायऱ्यांची सोंड, दोन घरांचं शेपूट, पाठीवर अंबारीची एकच चौकट. भरला असता तर ठोकळा झाला असता.

एका वृंदावनाशी जरा थांबते. खाली रुंद पाया, मध्ये कट्टा, वर तुळशीच्या फांद्या. गवंतीनं हे काढायचं म्हणजे आधी मनात वाट आखायची. सुई पायापासून निघते, डाव्या अंगानं वर चढते, प्रत्येक फांदीच्या टोकापर्यंत जाऊन परत बुंध्याशी येते, शेंड्यावरून उजवीकडे उतरते आणि मग सगळी सुटलेली घरं भरत आल्या वाटेनं माघारी. एखादी फांदी विसरली तर परतीला तिथे घर रिकामं राहतं आणि नवा दोरा घ्यावा लागतो. मी भिंग घेऊन पाचही वृंदावनं दोन्ही बाजूंनी पाहिली. प्रत्येक वृंदावन एका सलग दोऱ्याचं आहे. फांद्यांची संख्या मात्र सगळीकडे सारखी नाही. मधल्या वृंदावनाला डावीकडे एक फांदी जास्त आहे. नजरचुकीनं झालं असेल. पण तसं झालं असतं तर उजवीकडची मोजणी पुढे चुकत गेली असती आणि ती तर बिनचूक आहे. माझी खात्री आहे की तिनं ती फांदी हौसेनं काढली.

सगळंच मला पटतं असं नाही. गोंडा जड आहे. लाल लोकरीचा, भरघोस. बाळानं मान वळवली की तो कुंचीला मागे खेचतो आणि पांढरी कड कपाळावरून वर सरकते. फोटोंत तीनही बाळांचं कपाळ उघडं दिसतं. इथे आत्या शोभेला भुलली. कपाळावरचे मोती तर तिचे नव्हेतच. ते नंतर कुणीतरी लावले आहेत, नायलॉनच्या दोऱ्यानं, आणि त्या दोऱ्याच्या गाठी आत अस्तरावर आल्या आहेत. आतून बोट फिरवलं की फक्त तिथे टोचतं. कुंचीच्या भाषेत न बसणारा तो एकमेव मजकूर आहे.

हल्ली तयार कुंच्या भरपूर मिळतात. पैठणीच्या, खणाच्या, मोरांच्या, आरशांच्या. त्या घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. नोकरी, घर, बाळंतपण सांभाळून शिवायला वेळ कुठून आणायचा? पण घेताना एकदा आत हात घालून बघावं. पुष्कळ कुंच्यांत जरीची मागची बाजू उघडी असते, अस्तर असलंच तर कृत्रिम धाग्याचं, घाम न शोषणारं, आणि मागची शिवण मशीनवर चार पदरांची जाड, नेमकी आतल्या बाजूला. दुकानातला पुतळा तक्रार करत नाही. बाळ करतं, पण आपण त्याला भूक लागली असं समजतो. आतून एक जुनं मऊ कापड हातशिलाईनं लावून घेतलं तरी पुष्कळ फरक पडतो. अर्ध्या दुपारचं काम आहे.

माझी भाची कॅनडात असते. तिला येत्या हिवाळ्यात बाळ होणार आहे आणि तिनं स्वतः शिवायचं ठरवलंय. मला नमुना मागितला. मी जुनी कुंची न उसवता वर्तमानपत्रावर आकार उतरवून घेतला: डोक्याची पट्टी, झूल, बंद. मायेची रेघ वेगळ्या शाईनं. तिकडे बाळ गाडीतून न्यायचं तर खास आसनात पट्ट्यांनी बांधून न्यावं लागतं, आणि त्या पट्ट्यांखाली जाड कपडा असलेला चालत नाही, पट्टे सैल बसतात. म्हणून तिला झूल सुटी हवी, बटणावर काढता येईल अशी. मी बटणाला नाही म्हटलं. तान्ह्या बाळाच्या मानेपाशी बटण नकोच. आत्यानं बंद ज्या रीतीनं केले तसेच चार छोटे बंद मानेच्या कडेला बाहेरून लावले की झूल सुटते.

“मावशी, हत्ती मला जमायचा नाही. नुसती वृंदावनं काढली तर?” तिनं फोनवर विचारलं.

“एकच काढ,” मी म्हटलं. “पण आधी कापडाचे धागे मोजून घे. आणि धोतर कुठून आणणार आहेस?”

धोतर तिच्याकडे नव्हतं. तिच्या सासऱ्यांचे जुने सुती लेंगे आहेत, ते चालतील का, म्हणाली. मी म्हटलं, गालावर घासून बघ, आणि बसण्याच्या जागेचं कापड घेऊ नकोस, तिथे वीण विरलेली असते. पायाच्या नळीचं घे, खालून वर.